पोटावर काय पोटाखाली?

चतुर्थीच्या तोंडावर काकांना घेऊन मालवणच्या बाजारात गेलो होतो. त्यांना पँटीचं कापड घ्यायचं होतं. तयार पँट ते घालत नाहीत. कमरेला बसते ती लांबीला वीतभर जास्त होते, ही त्यांची कायमची तक्रार. कापड घेतलं आणि त्यांच्या नेहमीच्या टेलरकडे गेलो. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि खुंट्यांना लटकलेल्या, नावाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या पँटी. टेलरनी गळ्यातली टेप काढली, काकांच्या पाठीमागून पुढे घेतली आणि मध्येच हात थांबवून विचारलं, "पोटावर काय पोटाखाली?" काका म्हणाले, "पोटाखाली. चौतीस." टेप फिरली, चौतीसच भरली, वहीत लिहिली गेली. मग ते माझ्याकडे वळले. मलाही एक शिवून घ्यायची होती. मला त्यांनी काही विचारलंच नाही. टेप सरळ पोटाखाली लावली.

मला थोडा राग आला, थोडं हसूही आलं. टेलरना गप्पांची हौस. कापडावर खडूने रेघ मारता मारता त्यांनी सगळं शास्त्र सांगितलं. पोट सुटलं म्हणून कुणी पँटीचा घेर वाढवून मागत नाही, पँट खाली सरकवतो. मग पुढून उंची कमी ठेवायची आणि मागून वाढवायची, नाहीतर माणूस खाली बसला की पँट मागून उतरते. त्यांच्या वहीत गावातल्या अर्ध्या पुरुषांच्या कमरा आहेत आणि त्या वर्षानुवर्षं जिथल्या तिथे आहेत. काकांच्या पट्ट्याचं भोकसुद्धा बदललेलं नाही. आपली कंबर लग्नात होती तेवढीच आहे असं ते चारचौघांत ठामपणे सांगतात, आणि टेलरची वही त्यांच्या बाजूने साक्ष देते.

घरी आल्यावर काकीच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. कंबर मोजायची जागा कपड्यांवर अवलंबून नसते. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने चाचपायचा, दोन्हींच्या मधोमध टेप लावायची आणि माणसाने सहज श्वास सोडला की आकडा वाचायचा. काकांनी सहज श्वास सोडावा यासाठी बरीच मिनतवारी करावी लागली. टेप अंगाला लागली की ते छाती काढून उभे राहत. शेवटी काकीने आतून विचारलं, "चाय ठेवू?" आणि ते "ठेव" म्हणाले, त्या श्वासात आकडा मिळाला. ४० इंच, म्हणजे जवळजवळ १०२ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची खूण ९० सेंटीमीटरला आहे, बायकांसाठी ८० ला.

३४ आणि ४०. मधले सहा इंच कुठल्याच वहीत नव्हते.

काकांना बघून कुणी लठ्ठ म्हणणार नाही. वजन ६६ किलो, दंड बारीक, गळ्याची हाडं दिसतात, पाय काटकुळे. बनियनवर पडवीत बसले की तेवढं पोट पुढे येतं, आणि त्याचं आमच्याकडे कौतुकच आहे. ड्रायव्हर होते, आयुष्य स्टिअरिंगमागे बसून गेलं. रात्रीच्या गाड्या, आंबोलीचा घाट, मिळेल तिथे मिळेल ते जेवण. रिटायर झाल्यावर पोट आलं तर म्हणे माणूस सुखाला लागला. याच्या उलट माझी थोरली वहिनी. तिला लग्नापासून सगळे जाडी म्हणतात, तोंडावर म्हणतात. मांड्या, नितंब, दंड सगळं भरलेलं. गेल्या वर्षी शाळेत तपासणी शिबिर झालं, तिथे वहिनीचा रक्तदाब अगदी सुरेख निघाला, साखर चांगली निघाली, आणि तिच्या पुढच्या खुर्चीवर बसलेल्या, तिला हसणाऱ्या दोन सडपातळ दिरांना डॉक्टरांनी बाजूला बसवून ठेवलं. वहिनी त्या दिवशी जी हसली!

कातडीखालची चरबी निराळी आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती बसलेली निराळी. मांडीवरची दिसते, चिमटीत धरता येते, तिच्यावरून लोक नावं ठेवतात. पण ती बरीचशी निमूट असते. आतली चिमटीत येत नाही. ती सतत मेदाम्लं सोडते, दाहाची रसायनं सोडते, आणि तिचं रक्त आधी सगळ्या अंगात फिरून पातळ होत नाही. ते पोर्टल नावाच्या शिरेतून थेट यकृतात शिरतं. वरच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, कोणी काय टाकलं ते खालच्या कुणगेवाल्याला न सांगता कळतं, तशी यकृताची गत होते. काही चरबी ते जाळतं, काही बांधून पुन्हा रक्तात पाठवतं, उरलेली स्वतःतच साठवतं. दीड किलोच्या आसपासचा हा अवयव. त्यात पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं. दुखत काहीच नाही. पुष्कळदा यकृताची रक्ततपासणी, एसजीपीटीसुद्धा, नॉर्मल येते.

काकांचं फॅटी लिव्हर सापडलं तेही मुतखड्यामुळे. कुडाळला सोनोग्राफीला मीच घेऊन गेलो होतो. पोटावर थंडगार जेल पडल्यावर काका दचकले. पडद्यावर सगळा करडा पाऊस. डॉक्टर बाई बोलक्या होत्या. त्यांनी उजव्या बाजूला यंत्र दाबून धरलं आणि मला दाखवलं, ही किडनी, हे तिच्या शेजारचं यकृत. एरवी दोन्ही साधारण एका रंगाची दिसतात. काकांची किडनी काळसर होती आणि यकृत पांढुरकं, उजळ. चरबी ध्वनिलहरी परत फेकते म्हणून उजळ. इतकं उजळ दिसायला पाच टक्क्यांहून बरीच जास्त चरबी लागते, थोडी असेल तर सोनोग्राफीत ती सुटून जाते. खडा चार मिलीमीटरचा होता, त्याची घरात महिनाभर चर्चा झाली; कुळथाचं पाणी उकळलं गेलं. रिपोर्टमधली खालची ओळ, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', कुणी वाचली नाही. मी वाचून दाखवली तर शेजारचे अण्णा म्हणाले, "ता सगळ्यांकाच असता."

सगळ्यांना नसलं तरी पुष्कळांना असतं हे खरंच आहे, आणि त्यामुळेच ते कुणाला आजार वाटत नाही. आपल्या सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. गावात याचा पत्ता अजून लागलेला दिसत नाही.

खरी गंमत माझ्या आत्याच्या बाबतीत झाली. ती वेंगुर्ल्याला असते. सोमवार, गुरुवार, एकादशी सगळं कडक, दारूचा वास आला तर बसमध्ये जागा बदलते. तिचा रिपोर्ट आला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस हसण्याच्या चित्रांचा पाऊस पडला. लिव्हर म्हटलं की आमच्याकडे बाटलीच आठवते. गावात त्या वाटेने गेलेले पुरुष प्रत्येक घरात आहेत. आत्या फोनवर रडली. अपमान झाला म्हणून रडली, यकृताचं तिला काही पडलं नव्हतं. तिच्या रक्तदाबाच्या गोळीला तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली असतील. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. रक्तदाब गावातल्या डॉक्टरांकडे, लिव्हर सोनोग्राफीच्या पाकिटात, आणि पोट? पोट ब्लाउज शिवणारीकडे.

संबंध आहे, आणि तो काकांच्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळीतूनच समजावून घेता येतो. ते टेल्मिसार्टन घेतात. आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो रक्तवाहिन्या आवळतो आणि मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतो. तो ज्या जागी जाऊन बसतो ती जागा ही गोळी अडवते. आता त्या अँजिओटेन्सिनचा कच्चा माल कुठे बनतो? मुख्यतः यकृतात. आणि काही पोटातल्या चरबीतसुद्धा. म्हणजे काका रोज सकाळी चहानंतर जी गोळी गिळतात ती जिथून सुरुवात झाली तिथपासून बरीच लांब, शेवटच्या टोकाला पाय रोवून उभी असते. मधला भाग इन्सुलिनचा. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर सोडतच राहतं. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन ओततं. यकृत बहिरं झालेलं असलं तरी मूत्रपिंडाचे कान शाबूत असतात. ते त्या वाढीव इन्सुलिनचं ऐकून आणखी मीठ अडवून ठेवतं. मिठामागून पाणी. त्यात मूत्रपिंडांभोवती साठलेली चरबी त्यांना बाहेरून दाबते, आणि चरबीतून निघणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक मज्जातंतूंना चेतवत ठेवतं. रक्तदाब वाढायला यातलं एकेकही पुरे.

उलटही घडतं. रक्तदाब आधीपासून असलेल्यांमध्ये पुढे फॅटी लिव्हर जास्त सापडतं, आणि फॅटी लिव्हरवाल्यांना पुढे रक्तदाब. आधी कोण, नंतर कोण, हे आमच्या भाऊबंदकीतल्या बांधाच्या वादाइतकं जुनं प्रकरण आहे. म्हणूनच की काय, २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजाराची व्याख्या नव्याने केली तेव्हा यकृतातली चरबी अधिक पाचपैकी किमान एक खूण अशी अट घातली. त्या पाचांत कमरेचा घेर किंवा वजन आहे, साखर आहे, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आणि चांगलं कोलेस्टेरॉल आहे, आणि १३०/८५ किंवा त्याहून वरचा रक्तदाबही आहे. काका तीन खुणांवर पास. शिवाय फॅटी लिव्हर असलेली माणसं सगळ्यात जास्त दगावतात ती यकृताने नाही, हृदयविकाराने. हे ऐकल्यावर मात्र काकांनी पेपर खाली ठेवला.

रिपोर्टनंतर काकांनी आणखी एक उद्योग आरंभला होता. कोणीतरी सांगितलं की गोळ्यांनी लिव्हर खराब होतं. मग रक्तदाबाची गोळी बंद, आणि काविळीला देतात तो पाला आणून त्याचा रस सुरू. "माका काय्येक होणा नाय," असं चार दिवस सांगत फिरले. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? पाचव्या दिवशी मोजला तर १७० च्या वर. डॉक्टरांनी त्यांना जे झापलं ते ऐकून बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा सरळ बसले. वाढलेला रक्तदाब कळत नाही, भरलेलं यकृत कळत नाही. आणि सुटलेलं पोट कळतं, पण त्याचं आम्ही कौतुक करतो.

माझे आजोबा रापणीच्या जाळ्यावर जात. त्यांचा एक फोटो आहे, किनाऱ्यावर दोर ओढताना. त्या रांगेतल्या एकाही माणसाला पोट नाही. हा फोटो दाखवून मी काकांना काही सुनवावं असा मोह होतो, पण पुढे जीभ रेटत नाही. त्या माणसांची पोटं पाठीला लागली होती ती काही कुणी आहार सांभाळला म्हणून नव्हे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा आंब्याचं लोणचं. पावसाळ्याच्या शेवटी तीही दिवसातून एकदा. आजीची बाळंतपणं अशा दिवसांत झाली. काका श्रावणातले.

इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बारीक होती. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवलेली होती. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघे सारखेच सडपातळ. आपल्या लोकांची वजनाची आणि कमरेची खूण गोऱ्यांपेक्षा खाली ठेवावी लागते ती यामुळे. आजीच्या उपासमारीचा आणि काकांच्या पोटाचा असा काही धागा असेल, या विचाराने मी काकांना पोटावरून बोलणं बरंच कमी केलं. पूर्ण बंद केलं नाही.

कारण दुसरी बाजूही आहे. कुणगे पडीक आहेत. वीस वर्षांपूर्वी लावणीला अख्खं घर चिखलात उतरायचं. आता तिथे गुडघाभर गवत आहे आणि तांदूळ दुकानातून येतो. विहिरीवर पंप बसला, पाखाडी उतरून जायचं ते स्कूटरने जातात. भात मात्र ताटात तेवढाच, लावणी केल्याइतका. त्यावर आमटी, त्यावर पुन्हा भात, मग सोलकढीबरोबर भात. चार वाजता चहात दोन चमचे साखर, त्याबरोबर खारी नाहीतर खाजं. पाहुणा आला की कोकम सरबत, आणि हल्लीच्या कोकम सरबतात कोकम शोधावं लागतं. मे महिन्यात आंब्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ठेवूही नये, महिनाभराचा तर सण असतो.

दोष कुणावर? खोबऱ्यावर. फॅटी लिव्हर म्हटल्यावर काकीने पहिलं काय केलं असेल तर वाटपातलं खोबरं अर्धं केलं. तिसऱ्यांचं सुकं फिकं झालं, घरात असंतोष माजला. खोबरं अगदी साव आहे असं मी म्हणत नाही. त्यातली चरबी कोलेस्टेरॉल वाढवते. पण यकृतातली चरबी कुठून येते याचा माग काढणारा एक अभ्यास २००५ साली अमेरिकेत झाला होता. त्या रुग्णांच्या यकृतातल्या चरबीपैकी ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून आलेली होती, २६ टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः तयार केलेली, आणि ताटातल्या तेला-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. काकीला हे सांगितलं. तिने वाटपातलं खोबरं लगेच पूर्ववत केलं. साखर-पिठाचा भाग तिला ऐकू गेला नाही.

मीठ हा आणखी वेगळा विषय, आणि तो माझ्याही जिव्हाळ्याचा. पावसात ताजी मासळी नसते, तेव्हा डबे उघडतात. खारा बांगडा निखाऱ्यावर टाकला की चरबी सुटून धूर होतो, मिठाचा पांढरा थर तडतडतो, आणि त्या वासाने माणूस दोन घास जास्त जेवतो. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्याकडे एका बांगड्याने आणि लोणच्याच्या फोडीने यातलं बरंचसं दुपारीच संपतं. काकांची मूत्रपिंडं आधीच मीठ सोडायला तयार नाहीत, त्यांच्या पदरात हे आणखी. मी सुचवलं की बांगडा दोनदा पाण्यात भिजवून, पाणी ओतून मग भाजावा. काकांनी एकदा खाल्ला आणि म्हणाले, "ह्या परीस ताजो खाल्लेलो बरो." पाऊस धो धो कोसळत होता, होड्या सगळ्या किनाऱ्यावर.

रात्री पडवीत झोपलं की काकांचं घोरणं ऐकू येतं. सगळे त्याची नक्कल करतात. घोरणं वाढत जातं, मग मध्येच तुटतं, काही सेकंद नुसती शांतता, आणि मग एकदम धापेसह पुन्हा सुरू. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून पुन्हा विचारलं. मान-गळ्यापाशीही चरबी साठते, झोपेत श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो आणि शरीर दर वेळी घाबरून रक्तदाब चढवतं, सकाळी तो उतरायचं नाव घेत नाही. आता झोपेची तपासणी करायची ठरली आहे. काकांचं म्हणणं, झोपेत काय होतं ते बघायला पैसे कशाला, काकी फुकट सांगते.

यकृत मात्र तसं दिलदार आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरलं तरी त्यातली चरबी कमी होऊ लागते; सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर सूजही ओसरते, सोबत रक्तदाबही काही अंकांनी खाली येतो. काकांच्या ६६ किलोंत हे साडेचार ते साडेसहा किलो. डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही, भात अर्धा करायला सांगितलं आणि रोज अर्धा-पाऊण तास जोरात चालायला. भातावर काकी अडून बसली. "पोटभर जेवूचा नाय तर रांदूचा कित्याक?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. वाढताना दुसऱ्यांदा भात घ्यायला लावणं हीच तिची माया. ती मी कोणत्या तोंडाने अर्धी करायला सांगू? शेवटी तह झाला: भात एकदाच, पण भाजी आणि मासे हवे तेवढे, रात्री तांदळाच्या जागी नाचणीची भाकरी. भाकरी लहान हवी असं मी म्हणालो. ती म्हणाली, तवा मोठा आहे.

चालणं काकांनी मनावर घेतलंय. संध्याकाळी पाचला नव्या पँटीत, शर्ट खोचून जेटीपर्यंत जातात. सुरुवातीला वाडीतले कुत्रे मागे लागायचे, कारण काम नसताना भरभर चालणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आता तेही सोडून देतात. जेटीवर त्यांचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर दोस्त भेटतात. त्यांतल्या दोघांना फॅटी लिव्हर आहे, तिघांना रक्तदाब, आणि सगळे पँट पोटाखाली बांधतात. परतीच्या वाटेवर एक गाडा लागतो, तिथे कांदाभजी गरम मिळते. काकीला मी फक्त चालण्याचं सांगितलंय. भजीचं तिला शर्टाच्या वासावरून आधीच कळलेलं होतं, आणि रात्रीच्या भाकऱ्या तिने त्या दिवसापासून एकने कमी केल्या आहेत.